राजाहून मोठा कायदा

“राजा बोले, दळ हाले” ही म्हण आपल्यापैकीं पुष्कळांच्या तोंडीं आहे. राजाच्या मुखांतून शब्द निघतांच फौज चालूं लागते, अशा राज्याचें सारें वर्णन तिच्यांत आलें. राजा भला असला तर रयत सुखी. तो लहरी असला तर रयतेनें सोसावें, दुसरा उपाय नाहीं. ही स्थिति पालटून राज्यकर्त्यासही नियमाचें बंधन असावें हें तत्त्व कसें रुजलें, तें ह्या पाठांत आम्ही पाहणार आहों. त्यासाठीं इंग्लंडांतील सतराव्या शतकाची हकीकत आम्हीं निवडली आहे. तींत राजा पडला एवढेंच नाहीं. राजास पाडणाऱ्याचें पुढें काय झालें, हेंही तींत आहे, आणि विशेष शिकण्यासारखें तेंच आहे.

१. राजाचा दावा

१६२५ सालीं पहिला चार्ल्स इंग्लंडच्या गादीवर बसला. आपणांस राज्य देवानें दिलें आहे, म्हणून आपण जबाबदार देवालाच, प्रजेला नव्हे, असें त्याचें मत होतें. त्याच्या पक्षाचे उपदेशक रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा तेरावा अध्याय पुढें करीत. विरुद्ध पक्षाचे लोक पहिल्या शमुवेलाचा आठवा अध्याय दाखवीत. तेथें राजा मागणाऱ्या लोकांस शमुवेल बजावतो कीं, हा तुमचे पुत्र, तुमचीं शेतें व तुमच्या पिकाचा दहावा हिस्सा घेईल. एकच शास्त्र दोघांच्याही हातीं होतें.

परंतु भांडण पेटलें तें पैशावरून. परदेशांशीं युद्धें चालविण्यास राजाला द्रव्य हवें होतें आणि पार्लमेंट तें मनासारखें देईना. तेव्हां त्यानें लोकांकडून सक्तीनें कर्ज घेतलें, न देणाऱ्यांस कारण न सांगतां कैदेंत टाकलें, व रयतेच्या घरांत शिपाई उतरविले. ह्यावर १६२८ सालीं पार्लमेंटनें राजापुढें हक्कांचा अर्ज ठेविला. त्यांत चार गोष्टी होत्या: पार्लमेंटच्या संमतीवांचून कर घेऊं नये, कारण दाखविल्यावांचून कोणास कैद करूं नये, लोकांच्या घरीं सक्तीनें शिपाई ठेवूं नयेत, आणि शांततेच्या काळांत लष्करी कायदा चालवूं नये. राजानें संमति दिली. मात्र पुढल्याच वर्षीं त्यानें पार्लमेंट मोडलें, व अकरा वर्षें तें बोलाविलेंच नाहीं.

२. वीस शिलिंगांचा खटला

समुद्रकांठच्या गांवांनीं युद्धप्रसंगीं राजास जहाजें किंवा त्यांबद्दल पैसे द्यावे, अशी तेथें जुनी वहिवाट होती. चार्ल्सनें १६३५ पासून हीच जहाजपट्टी शांततेच्या काळीं व समुद्रापासून दूर असलेल्या गांवांवरही बसविली. बकिंगहॅमशायर परगण्यांतील जॉन हॅम्प्डन नांवाच्या जमीनदारानें ती देण्याचें नाकारलें. त्याच्यावर चाललेला दावा अवघ्या वीस शिलिंगांचा होता. तो श्रीमंत होता. एवढी रक्कम त्यास जड नव्हती. प्रश्न रकमेचा नव्हता, तर ती घेण्याच्या अधिकाराचा होता. संकट आहे असें राजानें आपल्याच तोंडानें ठरवावें आणि त्या नांवाखालीं हात घालावा, हें एकदां मान्य केलें तर आज वीस शिलिंग गेले, उद्यां काय राहील?

१६३८ सालीं निकाल झाला. बारा न्यायाधीशांपैकीं सात राजाच्या बाजूनें झाले व पांच विरुद्ध. हॅम्प्डन हरला, तरी राजाच्याच नेमणुकीचे पांच न्यायाधीश राजाविरुद्ध मत देऊं शकले, हें पाहून लोकांस धीर आला. १६४१ सालीं पार्लमेंटनें ती पट्टी बेकायदा ठरविली.

१६४२ च्या जानेवारींत राजा स्वतः शिपाई घेऊन पांच सभासदांस पकडण्यास सभागृहांत शिरला. ते आधींच निसटले होते. राजानें सभापति लेंथॉल ह्यांस त्यांचा ठावठिकाणा विचारला. लेंथॉल ह्यांनीं गुडघे टेकले, परंतु सभेच्या आज्ञेवांचून आपणांस कांहीं सांगतां येत नाहीं, असें नम्रपणें उत्तर दिलें. गुडघा राजापुढें वांकला, पण जीभ सभेशीं इमानी राहिली. त्याच वर्षीं ऑगस्टांत युद्ध सुरू झालें, आणि ३० जानेवारी १६४९ रोजीं लंडनांत राजाचा शिरच्छेद करण्यांत आला.

३. राजा गेला, राजेपण राहिलें

आतां रयत सुटली असें कोणास वाटेल. तसें झालें नाहीं. राजाच्या चौकशीपूर्वींच सैन्यानें आपल्याला प्रतिकूल असलेल्या सभासदांस पार्लमेंटांतून हांकलून लावलें होतें. उरलेलें पार्लमेंट १६५३ च्या एप्रिलांत सेनापति ऑलिव्हर क्रॉम्वेल ह्यानें बंदूकवाले शिपाई आणून रिकामें केलें. आणि डिसेंबरांत तो “संरक्षक” ही पदवी घेऊन राज्य करूं लागला.

नंतर जॉर्ज कोनी नांवाच्या एका व्यापाऱ्यानें पार्लमेंटनें न मंजूर केलेली जकात देण्याचें नाकारलें. त्याचा युक्तिवाद हॅम्प्डनचाच होता. १६५५ सालीं त्याची बाजू मांडणारे वकील टॉवरच्या तुरुंगांत पाठविण्यांत आले! हॅम्प्डन तर क्रॉम्वेलचा आतेभाऊ. दोघे एकाच पक्षाचे. हॅम्प्डन राजाशीं लढतां लढतां १६४३ सालीं मरण पावला होता. ज्या हक्कासाठीं भाऊ मेला, तोच हक्क भावाच्या हातून तुडविला गेला.

येथें वाचकांनीं थोडें थांबावें. क्रॉम्वेल हा प्रार्थनाशील व आपण देवाचें कार्य करीत आहों असें मनापासून मानणारा पुरुष होता. आणि म्हणूनच ही गोष्ट आपणांस लागू पडते. वाईट मनुष्यास लगाम हवा हें सर्वांस पटतें. पण आपल्या पक्षाच्या, आपल्या विश्वासाच्या, चांगल्या मनुष्यासही लगाम हवा, हें पटण्यास फार काळ लागतो. चार्ल्स म्हणे, देवानें मला नेमलें. क्रॉम्वेलही आपल्या विजयांत देवाचा हात पाही. रयतेच्या पदरीं दोन्ही वेळां तेंच आलें. १६५८ सालीं क्रॉम्वेल वारला, आणि १६६० सालीं कंटाळलेल्या लोकांनीं मेलेल्या राजाच्या पुत्रास गादीवर बसविलें.

४. तत्त्वें कागदावर आलीं

१६८८ सालीं दुसरा जेम्स देश सोडून पळाला. ह्या खेपेस नव्या राजाराणींस मुकुट देतांना प्रथम हक्कांची यादी वाचून दाखविली, व १६८९ सालीं तिचा कायदा केला. पार्लमेंटवांचून कर नाहीं. राजानें आपल्या हुकुमानें कायदा तहकूब करूं नये. शांततेंत पार्लमेंटच्या संमतीवांचून खडें सैन्य ठेवूं नये. निवडणुकी मोकळ्या असाव्या. सभेंतील भाषणाबद्दल बाहेर कोणी जाब विचारूं नये. शिक्षा क्रूर नसाव्या. हें सर्वांचें राज्य नव्हतें; मत थोड्यांसच होतें, आणि रोमन कॅथलिकांस त्या सुटकेंत वांटा नव्हता. तरी शासन माणसाच्या मर्जीवर नव्हे, तर नियमावर चालावें, हा पाया पडला.

पुढें अमेरिकेनें १७७६ सालीं इंग्लंडच्या राजाचें जूं झुगारलें, व १७८७ च्या घटनेंत कायदे करणें, ते अमलांत आणणें व न्याय देणें हीं तीन कामें वेगवेगळ्या हातीं दिलीं. पण त्याच देशांत गुलामगिरी १८६५ पर्यंत कायम होती. फ्रान्सनें १७८९ सालीं मानवी हक्कांचा जाहीरनामा काढला. परंतु चार वर्षांतच तेथें नव्या राज्यकर्त्यांनीं भीतीचें राज्य मांडलें, आणि १८०४ सालीं नेपोलियन बादशहा झाला. सिंहासन मोडणें एका दिवसाचें काम. मनांतलें सिंहासन मोडण्यास पिढ्या लागतात.

५. आपल्या दारापर्यंत

भारताची घटना २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आहे. तींत हे जुने हक्क जिवंत आहेत. कायद्याच्या अधिकारावांचून कोणताही कर बसवितां वा वसूल करतां येत नाहीं, असें २६५ वें कलम सांगतें. हीच हॅम्प्डनची तक्रार. अटक केलेल्यास कारण सांगावें व चोवीस तासांच्या आंत न्यायाधीशापुढें उभें करावें, असें २२ वें कलम सांगतें. हीच १६२८ ची मागणी. आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं घटना समितींत बोलतांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनीं देशास बजाविलें कीं, मोठ्या मनुष्याच्या पायांपाशीं आपलें स्वातंत्र्य ठेवूं नये. राजकारणांतील भक्ति हुकूमशाहीकडे नेते. क्रॉम्वेलच्या हकीकतीचें सार ह्याहून निराळें नाहीं.

गांवच्या मतदार यादींत ज्याचें नांव आहे, तो गरीब असो वा श्रीमंत, पुरुष असो वा स्त्री, ग्रामसभेचा सभासद आहे. तेथें हिशेब विचारणें हा सरपंचाचा अपमान नव्हे. सरपंच प्रामाणिक असेल तर हिशेबानें त्याचें नांव उजळेल. नसेल तर गांव वांचेल. लेंथॉल ह्यांनीं उद्धटपणा केला नाहीं. त्यांनीं मान राखून नकार दिला. तसें आपणांसही करतां येईल. पट्टी भरावी, पण पावती घ्यावी. मान द्यावा, पण हिशेब मागावा.

विचारासाठीं प्रश्न

१. वीस शिलिंग भरणें सोपें असतां हॅम्प्डननें ते कां भरले नाहींत?
२. चार्ल्स व क्रॉम्वेल ह्यांच्यांत काय सारखें होतें व काय निराळें?
३. चांगल्या मनुष्यासही नियमाचें बंधन कां असावें?
४. मागच्या ग्रामसभेस आपल्या घरांतून कोण गेलें होतें? त्यांनीं काय विचारलें?