हृदयाचे अदृश्य सूत्रधार

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हाला
• संप्रेरक म्हणजे काय, हे सांगता येईल;
• थायरॉईड ग्रंथी व इन्सुलिन यांचा हृदयाशी असलेला संबंध स्पष्ट करता येईल;
• वेळीच तपासणी करण्याचे महत्त्व पटवून देता येईल.

प्रस्तावना

बंगळुरूमधील राजाजीनगर या भागाला भारताचे शेवटचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचे नाव दिलेले आहे. येथे कारखाने आहेत, कामगारांची वस्ती आहे आणि राज्य कामगार विमा योजनेचे रुग्णालयही आहे. अशा वस्तीतील एखाद्या मराठी कुटुंबातील पंचेचाळीस वर्षांच्या गृहिणीची कल्पना करा. जिना चढताच तिला धाप लागते. चेहरा सुजतो, थंडी सोसवत नाही, दिवसभर मरगळ वाटते. ‘वय झाले, असे व्हायचेच,’ अशी घरची माणसे समजूत घालतात. डॉक्टर मात्र नाडी पाहून रक्ततपासणी करायला सांगतात. नाडी मंदावली आहे. पण दोषाचे मूळ हृदयात नसून गळ्यातील एका लहानशा ग्रंथीत आहे.

मूळ पाठ

मनुष्याचे हृदय दिवसाकाठी सुमारे 1 लाख वेळा धडधडते. या अखंड श्रमासाठी हृदयाच्या स्नायूला सतत ऊर्जा लागते. ती किती वापरायची आणि कोणत्या इंधनातून मिळवायची, यावर संप्रेरकांचे नियंत्रण असते. संप्रेरके म्हणजे ग्रंथींनी रक्तात सोडलेले रासायनिक निरोप होत.

गळ्यातील थायरॉईड ग्रंथीचे संप्रेरक हृदयपेशींच्या केंद्रकापर्यंत पोहोचते आणि काही प्रथिनांची निर्मिती वाढवते. त्यांतील एक प्रथिन आकुंचनानंतर कॅल्शियम झटपट आवरून ठेवते. त्यामुळे स्नायू लवकर सैल होतो आणि पुढच्या ठोक्यासाठी सज्ज होतो. हे संप्रेरक कमी पडले, की ठोके मंदावतात, आकुंचन दुबळे होते, रक्तातील कोलेस्टेरॉल वाढते; क्वचित हृदयाभोवती पाणीही साचते. ते जास्त झाले, तर छाती धडधडते, वजन घटते आणि ठोक्यांची लय बिघडू शकते. अशा वेळी हृदयात गुठळी होऊन ती मेंदूकडे गेल्यास पक्षाघाताचा धोका असतो. म्हणूनच वजन उतरवण्यासाठी थायरॉईडच्या गोळ्या मनाने घेणे घातक ठरते.

इंग्रज वैद्य जॉर्ज मरे यांनी 1891 मध्ये मेंढीच्या थायरॉईडचा अर्क देऊन अशा एका रुग्णेला बरे केले. पुढे 1918 मध्ये हेर्मान झोंडेक यांनी या विकारातील फुगलेल्या, मंद हृदयाचे वर्णन केले आणि योग्य उपचारांनी ते पूर्ववत होते, हेही दाखवले.

दुसरा सूत्रधार म्हणजे स्वादुपिंडात तयार होणारे इन्सुलिन. निरोगी हृदय मुख्यतः मेदाम्ले वापरते. परंतु गरजेनुसार ते ग्लुकोजही वापरते. ग्लुकोजला पेशीचे दार इन्सुलिन उघडून देते. मधुमेहात पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा झाल्या, की हृदय मेदाम्लांवरच विसंबते. तेवढ्याच ऊर्जेसाठी प्राणवायू अधिक खर्च होतो, स्नायूत मेद साठतो आणि हळूहळू हृदयाची भिंत ताठर होते.

हा धोका केवळ स्थूल माणसांना असतो, असे नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व बालके यांचा अभ्यास केला. तेथील बाळे वजनाने हलकी होती. तरी त्यांच्या अंगात स्नायूंच्या मानाने चरबी जास्त आढळली. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयालाही मधुमेह का गाठतो, याचे उत्तर शोधण्यास या अभ्यासाने मदत केली.

राजाजीनगरच्या त्या गृहिणीचे काय होईल? थायरॉईडची गोळी लहान मात्रेपासून सुरू होईल. काही महिन्यांत नाडी सुधारेल, सूज ओसरेल. मात्र ‘आता बरे वाटते’ म्हणून तिने गोळी परस्पर बंद केली, तर दुखणे पुन्हा उलटेल. थकवा हा नेहमीच वयाचा दोष नसतो. तो कधी शरीराने धाडलेला निरोप असतो.

शब्दार्थ
संप्रेरक – ग्रंथीतून रक्तात मिसळणारा कार्यप्रेरक पदार्थ
स्वादुपिंड – जठरामागील ग्रंथी
दाद न देणे – प्रतिसाद न देणे

स्वाध्याय
1. गृहिणीच्या थकव्याचे खरे कारण कोणते?
2. मधुमेहात हृदयाची भिंत ताठर का होते?
3. ‘औषध मनाने घेऊ नये व मनाने सोडू नये’ हे पाठाच्या आधारे पटवून द्या.