तलावकाठचे शालेय शिबिर

भंडारा हा तलावांचा जिल्हा होय, हे वाक्य येथील लहान विद्यार्थ्यासही पाठ असते. परंतु तलाव म्हणजे काय, असे विचारल्यास तो ‘पाण्याचा साठा’ एवढेच सांगून थांबतो. वस्तुतः तलाव त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर असतो. एक दिवस व एक रात्र पाण्याकाठी राहिल्याने हे अज्ञान पुष्कळ दूर होते.

1907 साली इंग्लंडातील ब्राउनसी बेटावर बेडन पॉवेल यांनी सुमारे 20 मुलांचे शिबिर भरविले व त्यातून बालवीर चळवळ उदयास आली. त्या शिबिरात निरीक्षण हा मुख्य विषयांपैकी एक होता. आपल्याकडे मात्र पुष्कळदा शिट्टी आणि संचलनच तेवढे उरते.

जवाहरनगर परिसरातील शाळांनी स्थळ विचारपूर्वक निवडावे. येथील आयुध निर्माणी 1964 सालची. तिचे प्रतिबंधित आवार व त्यालगतचा भाग शिबिरासाठी पूर्णतः वर्ज्य समजावा. रावणवाडीसारखा मोठा जलाशय सहलीस उत्तम असला, तरी पहिल्या शिबिरास गावचा मामा तलाव अधिक सोयीचा. ‘मामा’ म्हणजे कोणाचा मामा, हा प्रश्न मुले विचारतातच, आणि तोच इतिहासाचा पाठ होय. कोहळी समाजाने बांधलेले अनेक तलाव पुढे मालगुजारांकडे होते. 1951 साली मालगुजारी संपुष्टात आली, तेव्हा ते ‘माजी मालगुजारी’ तलाव झाले आणि त्या दोन शब्दांच्या आद्याक्षरांचे ‘मामा’ बनले. पाळ, पाणी सोडण्याचे तुडुम आणि त्याखालील धानाची बांधी विद्यार्थ्यांनी क्रमाने पाहावी व तिचा नकाशा पावलांनी मोजून काढावा.

येथे धीवर कुटुंबातील वडीलधाऱ्या माणसास शिक्षक म्हणून पाचारण करावे. कोणता मासा कोठे अंडी घालतो, देवधान कोठे उगवते, शिंगाड्याचा वेल कसा लावतात, हे त्याच्याइतके कोणत्याही पुस्तकात नाही. वर्गात मागे बसणारे त्याचे मूल त्या दिवशी पुढे येऊन बोलू लागते; केवळ एवढ्यासाठीही शिबिर भरविणे योग्य ठरेल.

डिसेंबर-जानेवारी हा काळ निवडावा. या दिवसांत दूरदेशीचे पक्षी उतरलेले असतात. रात्री पूर्वेस मृग नक्षत्र वर येते. ध्रुव क्षितिजापासून सुमारे 21 अंशांवर, म्हणजे ताठ हाताच्या दोन मुठी एकमेकींवर ठेवल्यास जेवढी उंची होते तेवढ्यावर, दिसतो. भंडाऱ्याचा अक्षांशही तेवढाच आहे, हे मुलांना स्वतः मुठी धरून कळले म्हणजे नकाशावरील आडव्या रेषा निर्जीव राहत नाहीत.

आता सर्वांत गंभीर बाब. तलावाचे पाणी सर्वत्र सारखे खोल नसते. पाळीलगत व तुडुमाजवळ ते एकाएकी खोल होते, तळाशी गाळ असतो आणि वेलींत पाय गुंततात. म्हणून पोहण्याचा कार्यक्रम ठेवूच नये. मुलांच्या जोड्या कराव्यात, शिट्टी होताच प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचा हात धरावा व शिक्षकाने गणती करावी. अंधार पडल्यावर ही गणती अधिक वेळा व्हावी. काठावर लांब बांबू आणि टोकास रिकामा बंद डबा बांधलेला दोर सदैव तयार असावा. बुडणाऱ्यास वाचविण्यासाठी दुसऱ्या मुलाने पाण्यात उडी घेऊ नये. बांबू पुढे करावा, दोर फेकावा व मोठ्या माणसास हाक मारावी. एकाच्या मागे दुसरा गेल्याने दोघेही बुडतात. ही रीत कोरड्या जमिनीवर खेळासारखी घोटून घ्यावी.

बाहेर काढलेल्या मुलास उलटे टांगून वा पोट दाबून पाणी काढण्याची रूढी अद्याप खेड्यांत आढळते. ती घातक आहे. श्वास थांबला असल्यास तत्काळ तोंडाने श्वास द्यावा व छातीवर दाब द्यावा आणि दुसऱ्याने 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शिक्षकांनी ही क्रिया आरोग्य केंद्रात आधीच शिकून घ्यावी. केवळ वाचून ती हाती येत नाही.

पालकांची लेखी संमती, ग्रामपंचायत व मच्छीमार संस्थेची परवानगी, उकळलेले पिण्याचे पाणी या गोष्टी शिक्षकांस सांगावयास नकोत. चूल पाळीवर मात्र पेटवू नये. पाळीवरील गवतच माती धरून ठेवते. निघण्यापूर्वी राख पाण्याने विझवून पुरावी व दोर वाळवून शाळेच्या कपाटात ठेवावा.