काच तशीच राहू दे

मालवण

चि. सायली,

टॅबलेटच्या काचेवर पेन निसटतं आणि अक्षर हाताबाहेर जातं, म्हणून मॅट स्क्रीनगार्ड लावू की काच बारीक पॉलिश पेपरने घासून घेऊ, असं तू विचारलं आहेस. दुसऱ्या उपायाचा विचारसुद्धा करू नकोस. टॅबलेटच्या काचा बहुधा वितळलेल्या पोटॅशियम क्षारात बुडवून कणखर केलेल्या असतात. काचेतले सोडियमचे आयन बाहेर पडतात, त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन दाटीवाटीने घुसतात आणि वरचा थर कायमचा दाबाखाली राहतो. हा थर मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतका पातळ, पण काचेचा कणखरपणा त्याच्यावरच उभा. पॉलिश पेपरने पडलेले ओरखडे या थरात उतरले की पुढे एखाद्या किरकोळ आपटीलाही काच तडकते. शिवाय तेलकट बोटांचे डाग बसू नयेत म्हणून दिलेला लेप जातो तो वेगळाच.

स्क्रीनगार्डबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण तिथे तुझा तर्क अर्धा बरोबर आहे. पेन निसटतं याचा दोष तू सगळा काचेला देतेस. पण घर्षण हा एकट्या काचेचा किंवा एकट्या टोकाचा गुण नव्हे, तो दोघांच्या जोडीचा. आपल्याकडच्या जुन्या लेखकांना हे चांगलं ठाऊक होतं. जुन्नरी, दौलताबादी हातकागदाला खळ लावत आणि गुळगुळीत दगडाने घोटून घोटून त्याला चकाकी आणत. तू काच खरखरीत करायला निघालीस, ते कागद गुळगुळीत करत होते! कारण त्यांच्या हातातला बोरू तंतूंचा, मऊ, स्वतःच कागदाला धरून चालणारा. कच्च्या कागदावर तो अडकला असता आणि शाई फुटली असती ती वेगळीच. मोडी लिहिताना आधी आडवी ओळ आखून घ्यायची आणि मग हात फारसा न उचलता तिच्याखाली अक्षरं पळवायची, ही चाल घोटीव कागदावरच साधते. म्हणजे गुळगुळीत पृष्ठभाग आणि धरणारं टोक ही जोडी शतकानुशतकं उत्तम चालली. तुझ्याकडे पृष्ठभाग गुळगुळीत आहेच, उणीव आहे ती धरणाऱ्या टोकाची.

यावर तू म्हणशील, त्यांनीही पृष्ठभागावरच मेहनत घेतली की! आणि दाखला आपल्याच जिल्ह्यातला देशील. सावंतवाडीच्या गंजिफाकारांच्या, म्हणजे हाताने पत्ते रंगवणाऱ्या कारागिरांच्या, जुन्या पद्धतीत कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, वर खडूचा थर देऊन, घोटून मगच रंगाला हात घालत. तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवींनी १९७०च्या दशकात राजवाड्यात ही कला पुन्हा उभी केली. दाखला खरा आहे, पण तिथे प्रत्येक पान नवं असतं. कागदही एकदाच लिहायचा. बोरू झिजला की तासायचा, कागद भरला की दुसरा घ्यायचा. झीज दोन्हीकडे वाटलेली. तुझ्या टॅबलेटला पान एकच, आणि ते पाच-सहा वर्षं पुरवायचं आहे. अशा ठिकाणी झीज स्वस्त आणि चटकन बदलता येणाऱ्या भागावर ढकलावी, हे कुठल्याही यंत्राच्या बाबतीत शहाणपणाचं. इथे तो भाग म्हणजे पेनचं टोक.

मॅट स्क्रीनगार्डवर हा हिशेब उलटा होतो. त्याचा खरखरीतपणा टोकाला कानशीसारखा खातो आणि टोक त्याचा खरखरीतपणा खातं. जिथे तू सर्वांत जास्त लिहितेस तिथलीच फिल्म आधी गुळगुळीत होते, कडा तशाच राहतात, आणि एकाच पानावर हाताला दोन तऱ्हा लागतात. शिवाय फिल्म प्रकाश विस्कटते. दाट पिक्सेलच्या स्क्रीनवर पांढऱ्या भागात वाळूसारखी चमचम दिसते आणि बारीक अक्षरांची कड बोथट होते. ई-इंकच्या स्क्रीनवर चमचम नसते, पण काळ्या-पांढऱ्यातला फरक मुळातच कमी, तो आणखी उतरतो. रिमार्केबलसारख्या यंत्रांत तर पृष्ठभागाला मुळातच पोत दिलेला असतो. त्याच्यावर आणखी फिल्म म्हणजे आधीची कारागिरी झाकून टाकणं. फिल्मच्या जाडीइतकं टोक आणि रेघ यांतलं अंतर वाढतं, ते फार नसतं, पण अनुस्वार नेमक्या जागी द्यायचा असतो तेव्हा जाणवतं. उघड्या पडवीत बसून काम करणाऱ्याला मॅटचा फायदा आहे, हे मी मान्य करतो: समोरच्या आभाळाचं प्रतिबिंब त्यात पसरून जातं, आरसा होत नाही. तू वर्गात आणि खोलीत लिहितेस.

एक आक्षेप खास आपल्या किनाऱ्याचा आहे आणि तो मी हलक्यात घेत नाही. चिवल्याची किंवा तारकर्लीची वाळू बॅगेतून घरभर येते. वाळूतलं क्वार्ट्‌झ मोह्‌सच्या मापावर ७, काच त्याच्या खाली. म्हणजे टोकाखाली सापडलेला एक कण काचेवर कायमची रेघ ओढू शकतो. फिल्म ती रेघ स्वतःवर घेते. तेव्हा किनाऱ्यावर बसून होड्या रेखाटायच्या असतील तर फिल्म जरूर लाव, पण ती संरक्षणासाठी, अक्षरासाठी नव्हे, आणि लावलीस तर कमीत कमी पोताची निवड. मिरगानंतर तर लावूच नकोस. दमट हवेत चिकटवताना कडेला ओल आणि धूळ अडकते, आणि बुडबुडा काढायला एकदा उचललेली फिल्म पहिल्यासारखी बसत नाही.

आता आणखी एक गोष्ट, जिच्याकडे जवळजवळ कुणाचंच लक्ष जात नाही. आपल्याकडच्या घामट हवेत टोक निसटतं आणि तळहाताची कड मात्र काचेला चिकटते. हात अडखळला की पुढचा झटका मोठा बसतो, शिरोरेषा पुढे पळते, आणि शिव्या खातं टोक. करंगळी आणि शेजारचं बोट झाकणारा पातळ हातमोजा मिळतो. तो नको असेल तर हाताखाली सुती रुमाल घाल. बऱ्याच जणांची तक्रार इथेच अर्ध्यावर येईल, असं माझं मत आहे.

टोकांबद्दल: वेकॉमच्या पद्धतीच्या बिनबॅटरीच्या पेनमधलं टोक चिमट्याने ओढून काढता येतं, आणि त्यांत कडक प्लास्टिक, रबरासारखं मऊ आणि फेल्ट असे प्रकार मिळतात. गुळगुळीत काचेवर फेल्ट कडक प्लास्टिकपेक्षा चांगलं धरतं. झिजतं लवकर, आणि कण पोटात घेतं, म्हणून लिहिण्याआधी काच आणि टोक दोन्ही पुसून घे. ॲपल पेन्सिलचं टोक फिरवून निघतं; बसवताना घट्ट फिरव, सैल राहिलं तर रेघ तुटते. धातूचं टोक झिजत नाही अशी जाहिरात असते. मग झिजणार कोण, हा प्रश्न विकणाऱ्याला विचार. पारखायला एकच परिच्छेद जुन्या आणि नव्या टोकाने लिही आणि दोनच जागा बघ: शिरोरेषा अक्षराच्या पुढे किती गेली, आणि अनुस्वाराच्या टिंबाला शेपूट फुटलं का. फेल्टनेही शेपूट राहिलं तर फिल्मचं बघू, पण दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर. टोकाला एका बाजूने सपाट पैलू पडला की ते टाकून दे, कड काचेला लागेपर्यंत चालवू नकोस. मागवताना पेनवरचा नमुना क्रमांक नीट कळव, म्हणजे मी इथून तशीच टोकं पाठवतो.

तुझा,
मामा