बोट कुठं टेकवायचं

कॉर्ड धरली की तार भुणभुणते, आणि तू आणखी जोरात दाबतेस. तसं करू नकोस, पोरी. बोटाची जागा चुकली असेल तर कितीही दाब, आवाज साफ यायचा नाही. बोटाचं टोक फ्रेटच्या धातूच्या पट्टीला अगदी लगटून ठेव, पण तिच्या अलीकडे, खुंट्यांच्या बाजूला. दोन पट्ट्यांच्या मधोमध ठेवलंस तर जोर जास्त लागतो, आणि पट्टीवरच चढलं तर तार मुकी होते. तिसऱ्या तारेवर एकच बोट टेकवून बघ. आवाज साफ निघेपर्यंत हळूहळू दाब वाढव आणि तिथंच थांब. इतक्या कमी जोरात भागतं, हे शिकणाऱ्या पोरांना आधी खरंच वाटत नाही.

आता सी कॉर्ड घे. अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटात, मधलं बोट चौथ्या तारेवर दुसऱ्या, तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या. तिसरी आणि पहिली तार मोकळी वाजायला हवी, आणि नेमक्या त्याच दोन बंद होतात. तर्जनी आडवी पडली की पहिलीला शिवते, मधलं बोट कललं की तिसरी मेली. म्हणून शेवटची पेरं उभी हवीत. डाव्या हाताची नखं थोडी जरी वाढली तरी पेर उभं राहत नाही, ती अगदी कापून टाक. अंगठा दांडीच्या मागं, मधल्या बोटाच्या समोर. तळहात दांडीपासून सुटा ठेव.

मग सगळ्या तारा एकदम छेडू नकोस. पाचवीपासून पहिलीपर्यंत एकेक वाजव, मुकी सापडली की तेवढंच बोट केसभर सरकव. १९७३ च्या ‘यादों की बारात’मधलं ‘चुरा लिया है तुमने’ ऐक. त्यात भूपिंदर सिंगांच्या गिटारची प्रत्येक तार कशी सुटी ऐकू येते, त्याकडं कान दे.

सीवरून ए मायनरला जाताना सगळा हात उचलतेस, ते कशाला? तर्जनी आणि मधलं बोट जागेवरच राहतं. फक्त अनामिका पाचव्या तारेवरून तिसऱ्या तारेवर, दुसऱ्या फ्रेटात आणायची. हीच ये-जा सावकाश, न वाजवता करत राहा.

आपल्या बीबी गावाकडं कापूसवेचणी लागली की बोंडाच्या वाळक्या टोकांनी नखाजवळची कातडी फाटते. त्या दिवसांत स्टीलच्या तारांवर जोर मुळीच नको. बोटं नुसती तारांवर टेकवून आकार बदलायचा सराव कर, तोही कामाचा आहे. भांडी घासून, धुणं धुऊन लगेच बसू नकोस; ओली कातडी मऊ असते, तार आत रुतते. घट्टे आपसूक पडतील, त्यासाठी रक्त काढायची गरज नाही.

गिटारही तपास. बाराव्या फ्रेटच्या पट्टीपासून जाड तार अडीच मिलिमीटरहून फार वर असेल तर दोष तुझ्या बोटांचा नाही, दुरुस्तीवाल्याकडून उंची कमी करून घे. पातळ संच मागताना पहिली तार ०.०१० इंचाची माग. आणि मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत गिटार टांगून ठेवू नकोस. लाकूड सुकतं, पट्ट्यांची टोकं बाहेर येऊन हाताला टोचतात.

एफची घाई नको. आडवी तर्जनी आधी पाचव्या फ्रेटात टाकून बघ, तिथं तारा पहिल्यापेक्षा सहज दबतात. बोट सपाट न ठेवता अंगठ्याकडच्या कडेवर जरासं वळव. ती कड कडक असते.

सप्ताहात पेटीच्या जोडीला बसायला बोलावलं तर नाही म्हणू नकोस. गाणं काळी एकमध्ये असेल तर पहिल्या फ्रेटात कॅपो लाव आणि सीचाच आकार धर. काळी चार असेल तर कॅपो तिथंच ठेवून जी धर. फक्त कॅपो लावल्यावर सूर पुन्हा जुळवून घे, कारण त्याच्या दाबानं तारा किंचित चढतात.