एकाच वाफ्यातील दोन माठ

आमच्या परसात एकाच वाफ्यात लाल माठ व हिरवा माठ शेजारीशेजारी पेरतात. माती एक, पाणी एक, ऊनही एकच. तरी एकाची पाने जांभळट लाल आणि दुसऱ्याची हिरवीगार. ‘लाल माठाने रक्त वाढतं,’ असे आई सांगे. मी कला शाखेचा विद्यार्थी. परंतु या प्रश्नामागे लागून जे वाचले, ते थोडक्यात मांडतो.

पानात प्राणवायूची काही अतिक्रियाशील रूपे तयार होतात व ती पेशींना अपाय करतात. त्यांना आवर घालणाऱ्या द्रव्यांना प्रतिऑक्सिडीकारके म्हणतात. क जीवनसत्त्व, कॅरोटीन व काही रंगद्रव्ये ही त्यांपैकीच होत. माठाचा लाल रंग लोहाचा नव्हे, तो बीटालेन गटातील रंगद्रव्याचा आहे. बीटाचा रंगही याच गटातला. लोह तर हिरव्या माठातही असते.

हा लाल रंग मुळात बियाण्यातून, म्हणजे अनुवंशातून येतो. हिरव्या जातीला कितीही ऊन मिळाले तरी तिची पाने तशी लाल होत नाहीत. उलट लाल जातीत रंगद्रव्य तयार होण्यास प्रकाशाने चालना मिळते. म्हणजे काय करता येईल हे बी ठरवते आणि किती होईल हे पुष्कळसे हवामान ठरवते.

ऋतूचा परिणाम पालकात स्पष्ट दिसतो. जपानच्या सरकारी अन्नघटक कोष्टकात 100 ग्रॅम कच्च्या पालकातील क जीवनसत्त्व उन्हाळी पिकात 20 मिलिग्रॅम, तर हिवाळी पिकात 60 मिलिग्रॅम दिले आहे. थंडीत पालकाची वाढ मंदावते आणि पानांत साखर व क जीवनसत्त्व साठत जाते. तेव्हा पुस्तकातला एकच आकडा पाठ करून भागत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांतही लाल व हिरव्या माठाच्या नोंदी वेगळ्या आहेत.

यातून घरात करण्याजोगे एवढेच : भाजी त्या त्या ऋतूतली व ताजी घ्यावी, आणि आधी धुऊन मग चिरावी. चिरलेला लाल माठ धुतला की पाणी लाल होते. तो रंग आणि त्याबरोबर काही क जीवनसत्त्वही मोरीत जाते.

हे सारे आईला सांगितले. ती म्हणाली, “म्हणजे हिरव्याला आपण उगाचच कमी लेखत होतो की!” आता आमच्याकडे दोन्ही माठ पाळीपाळीने शिजतात.