एकोणचाळीस पायऱ्या : ग्रंथ आणि बोलपट

एखादी गाजलेली कादंबरी पडद्यावर आली, कीं विद्यार्थिवर्गांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "बोलपट पाहिला, आतां पुस्तक वाचण्याचें कारण काय?" दुसरा म्हणतो, "पुस्तकांत होतें तें पडद्यावर दिसलें नाहीं. तेव्हां बोलपट फसला." दोन्ही मतांच्या मुळाशीं समजूत एकच आहे. ती ही कीं, बोलपट म्हणजे पुस्तकाची नक्कल, आणि नक्कल जितकी हुबेहूब तितकी चांगली. ही समजूत कितपत खरी आहे हें पाहण्यास जॉन बकन यांची 'एकोणचाळीस पायऱ्या' ही इंग्रजी युद्धकालीन साहसकथा आणि तीवरून आल्फ्रेड हिचकॉक यांनीं १९३५ सालीं काढलेला त्याच नांवाचा बोलपट हीं दोन उदाहरणें फार उपयोगी पडतात. येथें नायक एक, त्याची पळापळ एक, पायऱ्यांचा आंकडाही एक. परंतु ग्रंथकार वाचकापुढें जो प्रश्न ठेवतो, त्याहून दिग्दर्शकानें प्रेक्षकापुढें ठेवलेला प्रश्न अगदीं निराळा आहे.

बकन यांचा जन्म १८७५ सालीं स्कॉटलंडांतील पर्थ येथें एका धर्मोपदेशकाच्या घरीं झाला. कायद्याचा अभ्यास, दक्षिण आफ्रिकेंतील सरकारी काम व ग्रंथलेखन असें त्यांचें आयुष्य चाललें असतां १९१४ सालीं महायुद्ध पेटलें. त्या वेळीं पोटांतील व्रणाच्या दुखण्यामुळें त्यांस विश्रांति घेणें भाग पडलें. केंट परगण्याच्या किनाऱ्यावर, जेथें कड्यावरून समुद्राकडे पायऱ्या उतरतात अशा ठिकाणीं, त्यांनीं हें छोटेंसें दहा प्रकरणांचें पुस्तक हातीं घेतलें. तें १९१५ सालीं 'ब्लॅकवुड' मासिकांत क्रमशः व मग पुस्तकरूपानें बाहेर पडलें. ज्या स्नेह्यास तें अर्पण केलें, तो टॉमस नेल्सन १९१७ सालीं आरासच्या लढाईंत पडला. ग्रंथकाराचा धाकटा भाऊही त्याच लढाईंत कामास आला. पुढें १९३५ सालीं बकन कॅनडाचे गव्हर्नर जनरल झाले व त्याच पदावर असतां १९४० सालीं वारले. पुस्तक मनोरंजनाचें असलें तरी ज्या काळांत तें लिहिलें गेलें तो काळ मनोरंजनाचा नव्हता, हें वाचकानें ध्यानांत ठेवावें.

कथा १९१४ च्या मे महिन्यांत सुरू होते. रिचर्ड हॅने हा सदतीस वर्षांचा खाण-इंजिनियर आफ्रिकेंत पैसा मिळवून लंडनला आला आहे व रिकामपणास कंटाळला आहे. त्याच इमारतींत राहणारा स्कडर नांवाचा एक अमेरिकन एके रात्रीं त्याचा आश्रय मागतो आणि सांगतो कीं, ग्रीसचे मुख्य प्रधान कॅरोलिडिस यांचा १५ जून रोजीं लंडनमध्यें खून व्हावयाचा असून त्यामागें युरोपांत युद्ध पेटविण्याचा कट आहे. थोड्याच दिवसांत स्कडर स्वतःच हॅनेच्या घरांत भोंसकलेला आढळतो. आतां खुनाचा आळ हॅनेवर येणार. म्हणजे एका बाजूनें पोलीस व दुसऱ्या बाजूनें हेर. तो दूधवाल्याचा वेष घेऊन निसटतो, आगगाडीनें स्कॉटलंडांतील गॅलोवेच्या ओसाड माळरानावर जातो, आणि डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या विमानाच्या नजरेंतून सुटण्यासाठीं कधीं खडी फोडणारा मजूर, कधीं गुराखी बनून रानोमाळ हिंडतो. शेवटीं स्कडरच्या टिपणवहींतील सांकेतिक अक्षरांवरून त्यास कळतें कीं, 'काळा पत्थर' नांवाची जर्मन हेरांची टोळी इंग्लंडच्या आरमाराची गुप्त मांडणी चोरून समुद्रमार्गें पळणार आहे, आणि पळण्याचें ठिकाण म्हणजे भरतीच्या वेळीं एकोणचाळीस पायऱ्यांनीं समुद्रास मिळणारा एक कडा.

या सर्व धांवपळींत एक गोष्ट सहज नजरेआड होते. हॅनेवर लोक चटकन् विश्वास ठेवतात. खानावळीचा लेखनवेडा तरुण मालक त्याची हकीकत ऐकून त्याला थारा देतो. निवडणुकीस उभा असलेला सर हॅरी त्याचें खरें वृत्त ऐकतांच आपल्या वजनदार धर्मपित्यास पत्र लिहून देतो. परराष्ट्रखात्यांतील सर वॉल्टरही फारशी खळखळ न करतां त्याचें म्हणणें मान्य करतात. तेव्हां 'आपलें कोण ऐकणार?' ही हॅनेची खरी अडचण नव्हेच. त्याची अडचण आहे ती ही कीं, शत्रूला ओळखावें कसें?

बकन यांच्या कथेचा सारा कस या प्रश्नांत आहे. माळरानावरच्या घरांत राहणारा टक्कल पडलेला पुराणवस्तुशोधक सभ्य व विद्वान दिसतो. परंतु त्याच्या पापण्या शिकारी पक्ष्यासारख्या मिटतात आणि हॅनेच्या छातींत धस्स होतें. लंडनमध्यें आरमाराचा मुख्य अधिकारी गुप्त बैठकींतून बाहेर पडतो, दालनांत बसलेल्या हॅनेवर त्याची नजर क्षणभर ठरते, आणि त्या क्षणांत हॅने उमगतो कीं हा तो अधिकारी नव्हेच, त्याचें सोंग घेतलेला हेर आहे. सर्वांत कठीण प्रसंग शेवटच्या प्रकरणांत येतो. समुद्रकांठच्या बंगल्यांत तीन गृहस्थ राहतात. ते टेनिस खेळतात, थट्टामस्करी करतात, रात्रीं पत्ते मांडतात. सर्व कांहीं अस्सल इंग्रजी घरासारखें. हॅने त्यांच्यावर आरोप करतो आणि स्वतःच खजील होतो. कारण ते तिघे खरोखर निरपराध असले तर? ऱ्होडेशियांतील जुना वाटाड्या पीटर पिनार यानें त्याला एकदां शिकविलें होतें कीं, दाढीमिशा लावणें हें कच्च्या माणसाचें सोंग. पक्का माणूस बाहेरून तसाच राहतो आणि मनानें दुसरा होतो. तें त्याला आठवतें. इतक्यांत वयस्क गृहस्थ नकळत गुडघ्यावर बोटें वाजवतो. तीच संवय माळरानावरच्या म्हाताऱ्याची होती! एवढ्याशा खुणेनें सारें सोंग गळून पडतें.

आतां बोलपटाकडे वळूं. हिचकॉक यांनीं कॅरोलिडिस, टिपणवही, खानावळवाला, 'काळा पत्थर' हें सारें टाकून दिलें. कथा १९१४ मधून उचलून स्वतःच्या काळांत आणली. शत्रुराष्ट्राचें नांवही घेतलें नाहीं. येथला हॅने कॅनडाहून आलेला आहे व ती भूमिका रॉबर्ट डोनॅट या नटानें केली आहे. लंडनच्या एका संगीतगृहांत 'मिस्टर मेमरी' हा अफाट स्मरणशक्तीचा मनुष्य प्रेक्षकांच्या प्रश्नांस उत्तरें देत असतां गोळीचा आवाज होतो, धांवपळ उडते, आणि एक घाबरलेली परकी स्त्री हॅनेच्या घरीं आश्रयास येते. मध्यरात्रीं पाठींत सुरी खुपसलेली अशी ती त्याच्यापुढें कोसळते. येथून हॅनेची पळापळ सुरू होते. परंतु त्याचें दुःख आतां बदललें आहे. शत्रू कोण हें त्यास लौकरच कळतें, कारण करंगळीचें एक पेर नसलेला मनुष्य हीच शत्रूची खूण असल्याचें त्या स्त्रीनें त्याला सांगून ठेवलेलें असतें. न कळणारी गोष्ट एकच : मजवर विश्वास कोण ठेवील?

हा फरक किती जाणूनबुजून केला आहे, हें दोन प्रसंग शेजारीं ठेवले म्हणजे दिसून येतें. पहिला दूधवाल्याचा. पुस्तकांत हॅने पैज लागल्याची थाप मारतो, हातावर पैसे ठेवतो, आणि दूधवाला हंसत कपडे देतो. बोलपटांत हॅने प्रथम खरें तें सांगतो : खून झाला आहे, खुनी बाहेर उभे आहेत. दूधवाला त्यावर विश्वास ठेवीत नाहीं. मग हॅने एका परस्त्रीच्या घरून चोरून निघाल्याची बतावणी करतो. तेव्हां मात्र दूधवाला डोळा मिचकावून आनंदानें साहाय्य करतो. सत्य खोटें ठरलें, आणि खोट्यानें प्राण वांचविले! प्रेक्षक हंसतो, परंतु त्या हंसण्यांत कडवटपणा आहे.

दुसरा प्रसंग निवडणुकीच्या सभेचा. दोहोंकडे हॅनेस अचानक व्यासपीठावर उभें राहून भाषण ठोकावें लागतें. पुस्तकांत त्या भाषणाची गंमत एवढीच कीं, विषयाचें कांहींएक ज्ञान नसतांना तो वेळ मारून नेतो. बोलपटांत तोच छळलेला मनुष्य, पाठीशीं मृत्यु उभा असतां, श्रोत्यांपुढें अशा जगाचें चित्र उभें करतो कीं जेथें राष्ट्र राष्ट्राविरुद्ध व शेजारी शेजाऱ्याविरुद्ध कट करणार नाहीं. श्रोते टाळ्यांचा कडकडाट करतात. परंतु पॅमेला नांवाची तरुणी, जिनें पूर्वीं आगगाडींत त्याला पोलिसांच्या हवालीं करण्याचा प्रयत्न केला होता, ती पुन्हां त्याला धरून देते. ज्यांच्या हातीं ती देते ते पोलीस नसून हेरच असतात. एकाच बेडींत जखडलेलीं तीं दोघें माळरानावर भटकतात. ती त्याला खुनी समजते. रात्रीं खानावळींत बेडींतून तिचा हात सुटतो, ती निघूनही जाणार असते. इतक्यांत हेरांचें बोलणें तिच्या कानीं पडतें आणि तो निर्दोष असल्याची तिची खात्री पटते. बकन यांच्या पुस्तकांत अशी नायिका नाहींच. ती केवळ प्रेमकथेची हौस म्हणून घातली आहे असें कित्येक समजतात. तसें नाहीं. विश्वासाचा प्रश्न मांडावयाचा तर विश्वास न ठेवणारें व मग ठेवणारें माणूस हवेंच.

या अविश्वासाच्या अंधारांत एकच दिवा आहे, तो गरीब शेतकऱ्याच्या बायकोचा. पेगी ॲशक्रॉफ्ट या नटीनें ती लहानशी भूमिका केली आहे. तिचा नवरा देवभक्तीचें मोठें अवडंबर माजविणारा. परंतु पैशासाठीं पाहुण्यास विकावयास तयार. ती मात्र पुरावा न मागतां हॅनेवर विश्वास ठेवते व नवऱ्याचा कोट त्याच्या अंगावर चढवून त्याला रात्रींच पळवून लावते. पुढें हेरांचा नायक हॅनेवर गोळी झाडतो, ती त्याच कोटाच्या खिशांतील स्तोत्रांच्या पुस्तकास लागून अडते, आणि तो वांचतो. या प्रसंगास चमत्कार म्हणावयाचें असेल तर म्हणावें. परंतु तो ढोंगी भक्ताच्या पुस्तकानें घडविलेला नसून त्याच्या बायकोच्या दयेनें घडविलेला आहे. नवऱ्याचा मार मात्र तिला खावा लागतो. उपकार करणारास जगांत नेहमींच बक्षीस मिळतें असें खोटें आश्वासन दिग्दर्शक देत नाहीं.

साधनांचा भेदही येथें पाहण्याजोगा आहे. पुस्तकांतील सारी हकीकत हॅने स्वतःच्या मुखानें सांगतो. म्हणून बंगल्यांतील तीन गृहस्थांपुढें त्याच्या मनांत चाललेली कालवाकालव आपणांस आंतून कळते. पडद्यावर मन दिसत नाहीं; म्हणून हिचकॉक मनाऐवजीं हात दाखवितात. तुटकें बोट, बेडी, आणि शेवटीं बेडी लोंबत असतांही एकमेकांत गुंतलेले दोन हात. ध्वनीचा उपयोगही तसाच. मृतदेह पाहून मोलकरीण किंचाळण्यास तोंड उघडते, आणि तिच्या किंकाळीच्या जागीं आगगाडीची कर्कश शिटी ऐकूं येते. प्रेक्षक एका क्षणांत लंडनच्या खोलींतून स्कॉटलंडच्या वाटेस लागतो. पुस्तकास यासाठीं निदान एक परिच्छेद खर्चावा लागला असता. 'पायऱ्या'सुद्धां बदलल्या आहेत. पुस्तकांत त्या मोजतां येण्यासारख्या. बोलपटांत तें हेरांच्या संघटनेचेंच नांव. संगीतगृहांत हॅने भर सभेंत मिस्टर मेमरीला त्याचा अर्थ विचारतो. खरें उत्तर देण्याची ज्याला संवयच जडली आहे असा तो बिचारा उत्तर देऊं लागतो, आणि गोळीस बळी पडतो.

आतां दोहोंचा हिशेब निर्भीडपणें मांडला पाहिजे. बोलपटानें युद्धाचें ओझें उतरवून ठेवलें, हा तोटा लहान नव्हे. पुस्तकाच्या अखेरीस हेर पकडले जातात, तरीही युद्ध टळत नाहीं. कॅरोलिडिसचा खूनही टळलेला नसतोच. एका मनुष्याच्या पराक्रमानें इतिहासाचा ओघ थांबत नाहीं ही गंभीर जाणीव बोलपटांत नाहीं. उलट पुस्तकांत एक विष आहे, तेंही झांकूं नये. स्कडर जगांतील साऱ्या कारस्थानांचें खापर ज्यू लोकांवर फोडतो. पुढें सर वॉल्टर हा त्याचा पूर्वग्रह म्हणून बाजूस सारतात व कट जर्मन हेरांचा ठरतो हें खरें. तथापि असलें बोलणें त्या काळीं किती सहज खपत असे हें त्यावरून दिसतें, आणि त्या द्वेषाचें फळ युरोपनें पुढें १९३३ ते १९४५ या काळांत काय पाहिलें हें आपणांस ठाऊक आहे. 'शत्रु आपल्या शेजाऱ्यासारखाच दिसतो' हा कथेचा मंत्रही दुधारी आहे. त्याच १९१५ सालच्या मे महिन्यांत लुसिटानिया बोट बुडाल्यावर इंग्लंडांतील जमावांनीं जर्मन नांवांच्या दुकानदारांचीं दुकानें फोडलीं. त्यांपैकीं कोणीही हॅनेप्रमाणें थबकून 'हे निरपराध असले तर?' असा प्रश्न स्वतःस विचारला नाहीं.

म्हणून माझें मत असें कीं, हा ग्रंथ आणि हा बोलपट एकमेकांचे प्रतिस्पर्धी नसून एकमेकांचे पूरक आहेत. ग्रंथ सांगतो, डोळे उघडे ठेव. गोड दिसणारें सर्वच खरें नसतें. बोलपट सांगतो, संशय घेणें सोपें आहे. परंतु पाठीमागें जग लागलेल्या मनुष्यास दार उघडण्यास धैर्य लागतें. पहिला धडा एकटाच शिकला तर मनुष्य संशयी होतो. दुसरा एकटाच शिकला तर भोळा राहतो.

विद्यार्थ्यांनीं अशा जोडीचा अभ्यास करतांना प्रथम ग्रंथ वाचावा व मगच बोलपट पाहावा. कारण एकदां नटाचा चेहरा डोळ्यांपुढें बसला कीं स्वतःच्या कल्पनेस वाव राहत नाहीं. नंतर कागदावर तीन रकाने आंखावे : काय गाळलें, काय घातलें, काय बदललें. प्रत्येक रकान्यापुढें 'कां?' हा प्रश्न लिहावा. 'अमुक प्रसंग नाहीं' एवढें सांगून थांबणारा केवळ मोजणी करतो. तो कां नाहीं हें शोधणाराच टीकाकार होय. हिचकॉक यांच्यानंतर १९५९ व १९७८ सालीं याच कादंबरीवर आणखी चित्रपट निघाले. १९७८ च्या चित्रपटानें कथा पुन्हां १९१४ सालांत नेली. ज्यांस हे पाहावयास मिळतील त्यांनीं त्यांसही हेच तीन रकाने लावून पाहावे. पायऱ्या एकोणचाळीसच राहतील. परंतु त्या उतरून प्रत्येकजण कोणत्या प्रश्नाशीं जाऊन पोंचला, हें त्यांतूनच कळेल.