तळ्यातील मिथेन व त्यावर जगणारे सूक्ष्मजंतू
(वरच्या इयत्तांसाठी सामान्य विज्ञानाचा पाठ)

उद्देश : गाळात उत्पन्न होणारा मिथेन वायू पाण्यातच कसा खर्ची पडतो, हे विद्यार्थ्यांस समजावून देणे.

विवेचन : तळ्याच्या तळाशी पाने, शेवाळ इत्यादी पदार्थ साचतात. गाळात प्राणवायू नसल्यामुळे ते कुजताना काही सूक्ष्मजंतू मिथेन तयार करतात. गोबरगॅस संयंत्रातही हेच घडते. इ. स. १७७६ मध्ये इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टा यांनी माज्जोरे सरोवराकाठच्या दलदलीतील बुडबुडे बाटलीत धरून हा वायू जळतो, असे दाखविले.

परंतु सर्वच मिथेन हवेत जात नाही. तळातून वर येणारा मिथेन व पृष्ठभागाकडून खाली उतरणारा प्राणवायू यांची जेथे गाठ पडते, तेथे मिथेनवर जगणाऱ्या जंतूंची वस्ती असते. मिथेनचा प्राणवायूशी संयोग घडवून ते ऊर्जा मिळवितात. त्यातील काही कर्ब त्यांच्या शरीरबांधणीस लागतो. उरलेला कार्बन डाय-ऑक्साइडच्या रूपाने बाहेर पडतो. चुलीत ज्वाळेने जे घडते, ते येथे ज्वाळेवाचून घडते. भातखाचरात असे जंतू रोपांच्या मुळांशीही राहतात. कारण पोकळ खोडावाटे तेथवर प्राणवायू पोहोचतो. समुद्रतळाच्या गाळात प्राणवायूऐवजी सल्फेटच्या साहाय्याने मिथेन खर्ची पडतो.

हे कार्य महत्त्वाचे आहे. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन हा तितक्याच वजनाच्या कार्बन डाय-ऑक्साइडपेक्षा पृथ्वीस सुमारे २८ पट अधिक तापवितो. तळ्यात केरकचरा व सांडपाणी सोडल्यास कुजणे वाढते, प्राणवायू घटतो व या जंतूंचे काम मंदावते. मग अधिक मिथेन हवेत जातो, मासेही गुदमरतात.

निदर्शन : शिक्षकांनी काठालगतच्या उथळ पाण्यात काठीने गाळ ढवळावा व बुडबुडे दाखवावेत. बुडबुडे झपाट्याने वर येतात, म्हणून जंतूंच्या तावडीतून सुटतात. पाण्यात विरघळून सावकाश वर येणारा मिथेन मात्र त्यांच्या वाट्यास येतो, हा भेद स्पष्ट करावा. मुलांस पाण्यात उतरू देऊ नये. वायू पेटवून पाहू नये.

प्रश्न :
१. मिथेनवर जगणारे जंतू गाळ व पाणी यांच्या सीमेवर अधिक का आढळतात?
२. उथळ तळ्यातून मिथेन अधिक का निसटत असावा?
३. आपल्या गावच्या तळ्यात काय काय टाकले जाते? त्याचा या जंतूंवर कोणता परिणाम होईल?